विश्लेषण : मुंबईच्या समुद्रातील तेल-वायूचा पाया घालणारे केशवदेव मालवीय कोण होते?

२१ मे १९७६ रोजी मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, ‘बॉम्बे हाय’ क्षेत्रातून व्यापारी उत्पादन सुरू झाले. दिवसाला साधारण ३,५०० बॅरल तेल, एवढीच ही सुरुवात होती. त्या वेळी केंद्रात पेट्रोलियम मंत्री होते ७१ वर्षांचे केशवदेव मालवीय. तेरा वर्षांपूर्वी याच खात्याचे काम पाहत असताना त्यांना राजीनामा द्यावा लागला होता. ज्या संस्थेने हे तेल काढले, ती तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली होती. त्याच वर्षी मुंबईजवळच्या समुद्रात वसईचा मोठा वायुसाठाही सापडला. तो वायू किनाऱ्यावर पोहोचलेला मात्र मालवीयांना पाहता आला नाही. देशातील समुद्री वायू क्षेत्राची ही कथा त्यांच्या आयुष्याशी कशी जोडलेली आहे, याचा हा आढावा.

स्वातंत्र्यानंतर तेल-वायू कोणाच्या हाती होता?

१९४७ मध्ये देशात तेल निघत होते ते फक्त आसामात. दिग्बोई येथील विहिरी आणि शुद्धीकरण कारखाना आसाम ऑइल कंपनीकडे होता आणि ही कंपनी ब्रिटिश बर्मा ऑइलच्या मालकीची होती. पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल यांचा व्यापार बर्मा शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स या तीन परदेशी कंपन्यांकडे होता. सरकारने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस या कंपन्यांशी करार केले. त्यातून तुर्भे (ट्रॉम्बे) येथे दोन आणि विशाखापट्टणम येथे एक शुद्धीकरण कारखाना उभा राहिला.

कारखाने देशात आले, पण कच्चे तेल कोठून आणायचे आणि कोणत्या दराने, हे कंपन्याच ठरवत. तेलाचा शोध घेण्याचे ज्ञान, यंत्रसामग्री आणि माणसेही त्यांच्याचकडे होती. आसाम आणि बंगाल सोडल्यास भारताच्या उर्वरित भूभागात शोध घेण्यात त्यांना फारसा रस नव्हता. जगात इतरत्र स्वस्त तेल मुबलक मिळत असल्याने त्यांना घाई असण्याचे कारणही नव्हते.

देशाची अडचण दुहेरी होती. आपल्या जमिनीखाली काय आहे हे सरकारला ठाऊक नव्हते आणि ते स्वतंत्रपणे तपासू शकेल अशी यंत्रणाही नव्हती.

मालवीय या क्षेत्रात कसे आले?

केशवदेव मालवीय यांचा जन्म ११ जून १९०४ रोजी अलाहाबादचा. कानपूरच्या हारकोर्ट बटलर टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तंत्रशिक्षण घेतले. पुढे ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, त्यासाठी तुरुंगवास भोगला आणि उत्तर प्रदेशच्या राजकारणातून दिल्लीत पोहोचले. काँग्रेसमध्ये ते डाव्या विचारांचे, नेहरूंच्या जवळचे मानले जात.

पहिल्या लोकसभेत निवडून आल्यावर त्यांना उपमंत्रिपद मिळाले. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्याकडील शिक्षण, नैसर्गिक साधनसंपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन या खात्याचे ते उपमंत्री झाले. हे खाते राजकीयदृष्ट्या फार वजनदार समजले जात नव्हते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण मात्र याच खात्याखाली होते आणि मालवीयांच्या तेलमोहिमेची सुरुवात तिथूनच झाली.

ओएनजीसीची पायाभरणी कशी झाली?

१९५५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणात तेल व नैसर्गिक वायू संचालनालय स्थापन झाले. त्याच वर्षी मालवीय एक शिष्टमंडळ घेऊन युरोप आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले. तेल उद्योग कसा उभारतात, तंत्रज्ञ कसे घडवतात आणि मदत कोण देऊ शकते, हे पाहणे हा त्याचा हेतू होता. त्यानंतर कालिनिन यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत तज्ज्ञांचे पथक भारतात आले. भारतात तेल मिळण्याची शक्यता आहे आणि शोध आसामपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही, असा त्यांच्या अभ्यासाचा रोख होता.

एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरणाने खनिज तेल हा विषय सरकारी क्षेत्रासाठी राखीव उद्योगांच्या यादीत टाकला. १४ ऑगस्ट १९५६ रोजी संचालनालयाचे आयोगात रूपांतर झाले. १५ ऑक्टोबर १९५९ रोजी संसदेच्या कायद्याने आयोगाला वैधानिक दर्जा मिळाला. मुख्यालय डेहराडूनला ठेवण्यात आले.

यातील जोखीम आज चटकन लक्षात येत नाही. तेलाची विहीर खोदणे हे खर्चिक काम असते आणि नव्या प्रदेशातील बहुतेक विहिरी कोरड्या निघतात. खासगी कंपनी तोटा झाला तर गाशा गुंडाळते. सरकारी आयोगाला प्रत्येक कोरड्या विहिरीचा हिशेब संसदेत द्यावा लागतो. अन्नधान्य, धरणे आणि पोलाद यांना पैसा कमी पडत असताना, सापडेल की नाही हे ठाऊक नसलेल्या गोष्टीवर खर्च करा, असे मालवीय सांगत होते.

सुरुवात उत्साहवर्धक नव्हती. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या ज्वालामुखी येथे १९५७ मध्ये आयोगाची पहिली खोल विहीर खोदण्यास प्रारंभ झाला. तेथे व्यापारी दृष्ट्या उपयुक्त साठा मिळाला नाही.

पहिले यश कोठे मिळाले?

सप्टेंबर १९५८ मध्ये गुजरातेत खंबातजवळच्या लुणेज येथे तेल लागले. मे १९६० मध्ये अंकलेश्वरचे मोठे क्षेत्र सापडले. तेथील पहिल्या विहिरीला नेहरूंनी ‘वसुधारा’ हे नाव दिले. त्याच वर्षी आसामात रुद्रसागर येथेही तेल मिळाले. चार वर्षांच्या आयोगाला तीन ठिकाणी यश मिळाले होते आणि मालवीयांच्या टीकाकारांना थांबावे लागले.

खंबातच्या क्षेत्रात तेलापेक्षा वायूच अधिक निघाला. १९६० च्या दशकात तो धुवारण येथील वीज केंद्राला देण्यात आला. पश्चिम भारतात नैसर्गिक वायू हे नियमित वापराचे इंधन होऊ शकते, याचा हा पहिला मोठा अनुभव होता. पुढे समुद्रातील वायूबाबत जे प्रश्न उभे राहिले, ते येथेच छोट्या प्रमाणात दिसले होते. वायू सापडला तरी तो घेणारा कारखाना किंवा वीज केंद्र जवळ असावे लागते आणि दोघांना जोडणारी वाहिनी त्याच सुमारास तयार असावी लागते.

परदेशी कंपन्यांशी संघर्ष का झाला?

१९६० मध्ये सोव्हिएत संघाने भारताला बाजारभावापेक्षा स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेही रुपयांत. तुर्भे आणि विशाखापट्टणम येथील तिन्ही शुद्धीकरण कारखाने परदेशी कंपन्यांचे होते आणि त्यांनी हे तेल शुद्ध करून देण्यास नकार दिला. करारानुसार कच्चे तेल निवडण्याचा अधिकार त्यांचा होता. सरकार त्यांना सक्ती करू शकत नव्हते.

मालवीयांनी दोन मार्ग धरले. पहिला, कंपन्यांवर दरकपातीसाठी दबाव. के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये तेलाच्या किमती कशा ठरवाव्यात याचा अहवाल दिला आणि कंपन्यांचा एकतर्फी दर ठरवण्याचा काळ ओसरू लागला. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचे कारखाने. रुमानियाच्या मदतीने गुवाहाटी, तर सोव्हिएत मदतीने बरौनी आणि गुजरातेतील कोयली असे सरकारी शुद्धीकरण कारखाने उभे राहिले. विक्रीसाठी १९५९ मध्ये इंडियन ऑइल कंपनी स्थापन झाली. हीच पुढे इंडियन ऑइल कॉर्पोरेशन झाली.

तेल शोधणे, ते शुद्ध करणे आणि विकणे, या तिन्ही टप्प्यांवर सरकारी संस्था असावी, अशी ही आखणी होती. त्यापैकी एकही टप्पा परक्याच्या हाती राहिला तर बाकीच्या दोन टप्प्यांतील मालकीला अर्थ उरत नाही, हा १९६० च्या प्रसंगाचा धडा होता.

मग राजीनामा का द्यावा लागला?

जून १९६३ मध्ये मालवीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. कारण तेलाचे नव्हते, खाणींचे होते. ओडिशात खाणी असलेल्या सिराजुद्दीन अँड कंपनी या कोलकात्याच्या फर्मच्या कागदपत्रांत काही राजकीय व्यक्तींना दिलेल्या रकमांच्या नोंदी आढळल्या होत्या. एका निवडणूक उमेदवारासाठी या फर्मकडून दहा हजार रुपये मागितल्याची बाब मालवीयांवर शेकली. ते खाण खात्याचेही मंत्री असल्याने प्रकरण गंभीर बनले.

नेहरूंनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांच्याकडे चौकशी सोपवली. चौकशी गोपनीय होती आणि तिचा अहवाल जाहीर झाला नाही. मालवीयांचे समर्थक यामागे तेल कंपन्यांचे हितसंबंध असल्याचे म्हणत राहिले. विरोधकांच्या मते सरकारी उद्योगांचा एवढा आग्रह धरणाऱ्या मंत्र्याने खासगी खाणमालकाकडे पैसे मागावेत, हेच पुरेसे होते. अहवाल बंद राहिल्याने या वादाचा कधी समाधानकारक निकाल लागला नाही. तेलाच्या कामाचा सर्वांत भरभराटीचा काळ सुरू होत असताना मालवीय त्यापासून दूर गेले.

समुद्राचा शोध त्यांच्याशिवाय कसा पुढे सरकला?

मालवीय गेले तरी आयोग राहिला. खंबातच्या परिसरातील तेलधारक खडक किनाऱ्यावर संपत नाहीत, ते समुद्राखाली पुढे जात असावेत, असा भूवैज्ञानिकांचा कयास होता. १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजातून रशियन आणि भारतीय तंत्रज्ञांनी खंबातच्या आखाताची पाहणी केली. अशा पाहणीत जहाजावरून तळाकडे ध्वनिलहरी सोडतात. वेगवेगळ्या खडकांवर आपटून परत येणाऱ्या लहरी नोंदवल्या की तळाखालच्या थरांचा आराखडा मिळतो.

या पाहणीत मुंबईच्या पश्चिमेस समुद्राखाली एक प्रचंड घुमटासारखी रचना दिसली. तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके असल्याने खडकाच्या छिद्रांतून वर सरकतात आणि वरचा थर अभेद्य असेल तर घुमटाच्या माथ्यावर अडकून राहतात. आजूबाजूच्या भागापेक्षा उंच असलेल्या या रचनेवरूनच ‘बॉम्बे हाय’ हे नाव पडले.

रचना दिसणे वेगळे आणि तेथे खोदाई करणे वेगळे. १९७० मध्ये गुजरात किनाऱ्याजवळ अलियाबेट येथे उथळ पाण्यात आयोगाने समुद्रातील पहिली विहीर खोदण्यास सुरुवात केली. प्रचंड भरती-ओहोटीच्या त्या भागात कामाचा अनुभव मिळाला, पण फायदेशीर साठा मिळाला नाही. ‘बॉम्बे हाय’ येथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल होते. त्यासाठी ‘सागर सम्राट’ ही रिग जपानमध्ये बांधून घेण्यात आली. आपले पाय समुद्रतळावर टेकवून संपूर्ण सांगाडा लाटांच्या वर उचलून घेणारी ही ‘जॅक-अप’ प्रकारची रिग होती.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’च्या पहिल्याच विहिरीत चुनखडीच्या थरात तेल लागले. योगायोग असा, की काही महिन्यांपूर्वीच अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा दर बॅरलमागे सुमारे तीन डॉलरवरून अकरा डॉलरच्या पुढे गेला होता. आयातीवर चालणाऱ्या देशासाठी हा शोध जीवदानासारखा होता.

मालवीयांचे पुनरागमन कसे झाले?

१९७१ च्या निवडणुकीत मालवीय उत्तर प्रदेशातील डुमरियागंज मतदारसंघातून लोकसभेत परतले. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात पोलाद व खाण खाते सांभाळल्यानंतर ऑक्टोबर १९७४ मध्ये पेट्रोलियम व रसायने खाते त्यांच्याकडे आले. वीस वर्षांपूर्वी भूवैज्ञानिकांची जमवाजमव करणाऱ्या माणसाला आता भर समुद्रातील क्षेत्र उत्पादनात आणायचे होते.

आयोगाच्या अध्यक्षपदी तेव्हा अणुऊर्जा विभागातून आलेले एन. बी. प्रसाद होते. शोध लागल्यापासून उत्पादन सुरू होईपर्यंत त्यांच्या हाती सव्वादोन वर्षे होती. मुंबईच्या समुद्रात काम करणाऱ्यांसाठी ही मुदत दिसते त्याहून कमी असते. जून ते सप्टेंबर या काळात मान्सूनमुळे समुद्र एवढा खवळलेला असतो, की प्लॅटफॉर्म उभारणे आणि पाइपलाइन टाकणे जवळपास अशक्य होते. बांधकामाचा खरा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मे अखेरीस संपतो. २१ मे ही तारीख म्हणूनच महत्त्वाची. त्या वर्षीचा पावसाळा अगदी तोंडावर आला होता.

सुरुवातीस किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन नव्हती. समुद्रातच नांगरलेल्या टँकरमध्ये तेल भरून आणले जाई. जे तंत्र देशात नव्हते ते बाहेरून घेण्यात आले. जपानी रिग, परदेशी ठेकेदार आणि सल्लागार हे सारे कामाला होते. क्षेत्राची मालकी आणि निर्णय मात्र आयोगाकडे राहिले. ज्या भागांत आयोगाचे हात पोहोचत नव्हते, तेथे, म्हणजे कच्छ आणि बंगालच्या समुद्रात, याच दशकात परदेशी कंपन्यांशी करारही झाले. तेथे व्यापारी साठे मिळाले नाहीत.

मालकीचा प्रश्न कायद्याने कसा सुटला?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र देशाचा मानला जातो. ‘बॉम्बे हाय’ त्याच्या कितीतरी पलीकडे होते. १९७६ मध्ये ४० व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २९७ बदलण्यात आला. सागरी भूखंडमंच आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांतील खनिजांवर केंद्र सरकारचा हक्क स्पष्ट झाला. त्याच वर्षी सागरी क्षेत्रांविषयीचा स्वतंत्र कायदाही झाला. मुंबईच्या समुद्रातील तेल आणि वायू हे राज्याचे नव्हे तर केंद्राचे, हेही यातून ठरले.

बर्मा शेलचा भारतातील व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला, तो याच वर्षी जानेवारीत. तुर्भ्याचा तिचा कारखाना पुढे भारत पेट्रोलियमचा झाला. १९६० मध्ये सोव्हिएत तेल नाकारणाऱ्या तिघांपैकी एक कंपनी मालवीयांच्या मंत्रिपदाच्या काळातच सरकारी झाली.

तेल काढण्यापेक्षा वायू काढणे अवघड का?

समुद्रातील तेल टँकरमध्ये भरून हवे तेव्हा, हवे तेथे नेता येते. वायूचे तसे नसते. तो साठवायला प्रचंड जागा लागते. त्यामुळे समुद्राखालून थेट किनाऱ्यापर्यंत पोलादी वाहिनी टाकावी लागते.

‘बॉम्बे हाय’ हे मुख्यतः तेलाचे क्षेत्र. तेथील बराचसा वायू तेलात मिसळलेला असतो. तेल वर आले आणि दाब कमी झाला, की सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखा हा वायू बाहेर पडतो. तो नेण्याची सोय नसेल तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाळून टाकावा लागतो, कारण तसाच सोडणे धोक्याचे असते. सुरुवातीच्या काळात असेच झाले. १९७८ मध्ये उरणपर्यंत वाहिन्या पोहोचल्या, तेव्हा तेलासोबत वायूही किनाऱ्यावर येऊ लागला. तरीही पुढची अनेक वर्षे वायूचा मोठा हिस्सा समुद्रातच जळत होता. उत्पादन वाढवण्याची घाई होती आणि वायू वापरणारे कारखाने मागे पडले होते.

येथे मालवीयांच्या धोरणाची एक मर्यादा दिसते. त्यांच्या पिढीचे लक्ष तेलावर होते. परकीय चलन तेलाच्या आयातीवर खर्च होत होते, त्यामुळे ते स्वाभाविकही होते. वायूसाठी स्वतंत्र नियोजन, स्वतंत्र वाहिन्या आणि स्वतंत्र संस्था हव्यात, याची निकड नंतर जाणवली.

वसईचा वायुसाठा वेगळा कसा?

१९७६ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवर नवे क्षेत्र सापडले. तेल उद्योगाच्या नकाशावर त्याचे नाव ‘बसीन’ आहे, म्हणजेच आपली वसई. येथे तेलासोबतचा वायू नव्हता, तर मुक्त वायूचा मोठा साठा होता. अशा साठ्यात वायूच मुख्य उत्पादन असल्याने त्याचे गणित निराळे असते. ग्राहक ठरल्याशिवाय विहिरी खोदण्यात अर्थ नसतो आणि विहिरींची खात्री नसेल तर ग्राहक कारखाना बांधत नाही.

दुसरी अडचण वायूच्या गुणधर्मांची होती. वसईच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारख्या वासाचा हा वायू विषारी असतो, शिवाय ओलावा असेल तर पोलाद पोखरतो. म्हणून समुद्रातील प्रक्रिया प्लॅटफॉर्मवरच वायूतील पाणी काढून टाकतात. कोरडा केलेला वायू दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या वाहिनीने सुरतजवळच्या हाजिरा येथे जातो. तेथे रासायनिक द्रावणातून नेऊन गंधकयुक्त घटक वेगळे करतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरसाठी लागणारे घटकही काढून घेतले जातात. उरलेला शुद्ध वायू पुढे पाठवला जातो.

क्षेत्र चालवण्याचे कामही अखंड असते. सुरुवातीला साठ्याचा स्वतःचा दाब वायूला किनाऱ्यापर्यंत ढकलतो. वर्षे जातात तसा दाब कमी होतो आणि कॉम्प्रेसर बसवावे लागतात. फार वेगाने वायू काढला तर खालचे पाणी विहिरीत शिरते आणि साठ्याचा काही भाग कायमचा हातचा जातो. किती काढायचे, यापेक्षा किती वेगाने काढायचे हा निर्णय अनेकदा जास्त महत्त्वाचा ठरतो.

मालवीयांनंतर काय झाले?

१९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली आणि मालवीयांचे मंत्रिपदही. त्याच वर्षी ‘बॉम्बे हाय’च्या विकासासाठी जागतिक बँकेने १५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मालवीयांनी उभारलेल्या सरकारी आयोगाची पत आता वॉशिंग्टनमध्येही मान्य झाली होती. २७ मे १९८१ रोजी मालवीयांचे निधन झाले. डेहराडून येथील आयोगाच्या संशोधन संस्थेला त्यानंतर त्यांचे नाव देण्यात आले.

वायूचे खरे जाळे त्यांच्या मृत्यूनंतर विणले गेले. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा, तर हाजिरा येथे कृभकोचा खत कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. ऑगस्ट १९८४ मध्ये वायूवहनासाठी ‘गेल’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिने हाजिरापासून मध्य प्रदेशातील विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरची वाहिनी टाकली. वसईच्या समुद्रातील वायूवर उत्तर प्रदेशात युरिया तयार होऊ लागला. मालवीयांनी ज्या राज्यातून राजकारण केले, त्या राज्याच्या शेतात तो अशा रीतीने पोहोचला.

मुंबईत १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. टॅक्सी, रिक्षा आणि बेस्टच्या बस सीएनजीवर आल्या. हजारो स्वयंपाकघरांत नळाने गॅस आला. त्यामागे उरणला येणारा समुद्रातील वायू होता.

त्यांच्या वारशावर कोणती टीका होते?

पहिली टीका मक्तेदारीची. अनेक वर्षे एकाच सरकारी संस्थेकडे शोधाचे काम राहिल्याने देशाचा मोठा समुद्री भाग न तपासता पडून राहिला, असे म्हटले जाते. दुसरी टीका राजकीय हस्तक्षेपाची. तेलाची गरज मोठी असल्याने ‘बॉम्बे हाय’मधून जास्तीत जास्त उत्पादन घेण्याचा आग्रह धरला गेला. १९८९ मध्ये उत्पादन दिवसाला सुमारे पावणेपाच लाख बॅरलपर्यंत पोहोचले. त्यानंतर मात्र साठ्याचा दाब घटल्याने अनेक विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. संस्थेची मालकी सरकारची असली, तरी साठा कसा हाताळायचा हे अभियंत्यांनीच ठरवायला हवे, असा धडा यातून मिळाला.

तिसरा मुद्दा माणसांच्या सुरक्षिततेचा. २७ जुलै २००५ रोजी, ऐन पावसाळ्यात, एक जहाज ‘बॉम्बे हाय’मधील प्लॅटफॉर्मवर आदळले. वायूच्या वाहिनीने पेट घेतला, प्लॅटफॉर्म जळून कोसळला आणि २२ जणांचे प्राण गेले. समुद्रातील वायूची किंमत फक्त डॉलरमध्ये मोजता येत नाही, हे या घटनेने दाखवले.

सिराजुद्दीन प्रकरणाचा डागही त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. आणीबाणीच्या काळात ते मंत्री होते, हेही तितकेच खरे.

हा इतिहास आज महत्त्वाचा का?

मुंबईजवळची ही क्षेत्रे आता जुनी झाली आहेत, तरीही ओएनजीसीच्या उत्पादनात त्यांचा वाटा मोठा आहे. देश आपल्या गरजेचा सुमारे निम्मा वायू अजून आयात करतो. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने ‘मुंबई हाय’चे उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. बीपीची पूर्वज असलेली अँग्लो-पर्शियन ऑइल ही कंपनी एकेकाळी बर्मा ऑइलनेच स्थापन केली होती. ज्या बर्मा ऑइलच्या छायेतून बाहेर पडण्यासाठी मालवीयांनी आयोग उभारला, तिच्या वारसाला आता आयोगाने मदतीस बोलावले आहे.

यात विसंगती शोधता येईल, पण एक फरक मोठा आहे. १९५५ मध्ये परदेशी तज्ज्ञ काय सांगतात ते तपासून पाहणारे कोणी देशात नव्हते. आज बीपीचे प्रस्ताव ओएनजीसीचे स्वतःचे भूवैज्ञानिक आणि अभियंते तपासतात आणि क्षेत्राची मालकी भारताकडेच आहे. या तंत्रज्ञांच्या पहिल्या तुकड्या मालवीयांच्या काळात भरती झाल्या होत्या. तेव्हा ‘बॉम्बे हाय’ आणि वसईच्या साठ्यांचा मागमूसही कोणाला नव्हता.